हळद कुणाच्या नावानं

"हळद तुमची का, मावशी?"

सौदा काढणाऱ्यानं माझ्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला होता. तळातलं एक हळकुंड उपसून त्यानं काडकन मोडलं आणि आतला रंग बघून भुवया वर केल्या.

"माझी न्हाय तर काय तुझ्या सासूची?" मी म्हटलं. "तळातलं काढलंस ते बरं केलंस. वर चांगलं नि खाली कचरा, असली माणसं दुसऱ्या ढिगावर बघ."

भोवतीचे खरेदीदार हसले. हमाल हसले. आणि बोली चढत गेली. त्या दिवशी आख्ख्या यार्डात माझ्या हळदीला सगळ्यात वरचा दर लागला. शेजारच्या ढिगांवरचे बाप्ये माना वळवून बघत होते, ही कोण बाई म्हणून. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि कुणाकडंच बघितलं नाही. बघावं कशाला? त्यांनीच बघावं.

दर उगीच लागला नव्हता. हळद म्हणजे सालभराचं पीक. लावायची, भर द्यायची, पाला कापायचा, मग कुदळीनं हलक्या हातानं काढायची, कायलीत शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. शिजवताना एक उकळी कमी झाली तर हळकुंड आत कच्चं, एक जास्त झाली तर रंग मेला. कायलीपाशी मी दुसऱ्या कुणाला उभं राहू दिलं नाही. सूनबाई शालनलासुद्धा नाही. आणि काढणीपासून वाळवणीपर्यंत चंद्राची टोळी माझ्याकडं. चंद्रा आणि तिच्या बायका गावात दुसऱ्या कुणाच्या रानात आधी जात नाहीत, माझ्याकडं येतात. कारण एकच. सौद्याच्या दिवशी सांजेला मी परत आले की अंगणात बसवून प्रत्येकीच्या हातावर तिची मजुरी ठेवते. उद्या ये, परवा ये, असं माझ्या तोंडातनं कधी गेलं नव्हतं.

औंदा मात्र गेटवरच काहीतरी नवीन होतं. सकाळी गाडी आत घेण्याआधी खिडकीतल्या पोरानं सातबारा मागितला. मागं कधी कुणी मागत नव्हतं. हळद घेऊन येईल तो शेतकरी, एवढाच हिशेब. पण शालननं कुठंतरी ऐकलं होतं म्हणून ट्रंकेतला सातबारा माझ्या पिशवीत घातलेला. मी तो पुढं केला. माझ्या मागं शिरगावचा एक गडी उभा होता, पैलवानासारखा. तो हळूच म्हणाला, "मावशी, सातबारा कुणाच्या नावाचा हाय ते बघून द्या हं. आता त्येच्यावरच सगळं हाय. माझा देऊ का? माझ्या नावावर घाला, पैसं आलं की मी आणून देतो."

मी त्याला आपादमस्तक बघितला.

"वर्षभर कंबर मोडली माझी, आणि हळद तुझ्या नावावर? आणखी काय काय तुझ्या नावावर करू?"

"तसं न्हवं ओ मावशी..."

"तसंच हाय. माझ्या रानातली हळद माझ्या रानाच्याच कागदावर जाणार."

त्यानं आपला कागद खिशात घातला. भला माणूस होता, हे मला दुपारी कळलं.

दुपारी अडतीवर गेले. दिवाणजी टेबलावर मशीन उघडून बसले होते. नेहमी लाल कापडी गादीवर बसायचे, पेटीतनं नोटा काढायचे, अंगठ्याला थुंकी लावून मोजायचे. औंदा पेटी दिसेना.

"बसा मावशी. चहा सांगू?"

"चहा नको. पट्टी करा, विक्रीचा हिशेब. एसटी चुकंल माझी."

"पट्टी झालीच हाय." त्यांनी मशीनकडं बघत वाचलं, "रंगराव दादू मगदूम. बरोबर?"

मी पिशवी मांडीवर घेतली.

"पैसं सांजच्या आत खात्यावर पडतील बघा."

"कुणाच्या खात्यावर?"

"हेच की. रंगराव दादू मगदूम. सातबाऱ्यावर नाव त्यांचं, त्यांच्या आधारला जे खातं जोडलंय त्यात आपोआप जातंय. तुम्ही काय करायचं न्हाय. यायचं नि जायचं. लई सोपं झालंय आता."

"ते नाव खोडा. माझं घाला. हौसाबाई."

"खोडता येत न्हाय ओ. मशिनीत गेलंय."

"मशिनीत घातलं कुणी? माणसानंच न्हवं? मग माणसाला काढता येईना व्हय?"

दिवाणजी हसायला बघत होते, पण माझं तोंड बघून त्यांचं हसू तिथंच राहिलं. त्यांनी आतनं शेठला बोलावलं. शेठ आले. म्हातारे झाले होते तेही. त्यांच्या बापाच्या वेळेपासून माझी हळद त्यांच्याच अडतीला.

"मावशी, मी कधी तुमचं पैसं अडवलं का? ह्याच जागेवर सांजच्या आत मोजून दिलं. पण आता वरनंच आलंय. रोखीत एक रुपाया दिला तर परवाना जातोय माझा. गेल्या महिन्यात तपासणी झाली."

"मग माझी हळद माघारी द्या."

शेठनं नुसता हात केला. बाहेर खरेदीदाराच्या ट्रकवर माझी पोती चढत होती. शेवटचं पोतं हमालाच्या पाठीवर होतं.

"मालक घरीच असतील न्हवं?" शेठ समजुतीनं म्हणाले. "उद्या सकाळी त्यास्नी बँकेत पाठवा. घरातल्या घरात तर गोष्ट हाय."

घरातल्या घरात.

आमचे हे, म्हणजे ज्यांचं नाव दिवाणजींनी मशीनमधनं वाचलं ते, माझा सर्जा रांगत होता तेव्हा घर सोडून कोल्हापूरच्या अंगाला फौंड्रीत कामाला गेले. पहिली दोन साल सणाला आले. मग कळलं की तिथं त्यांनी दुसरं बिऱ्हाड केलंय. मंगल नावाची बाई. मी भांडायला गेले नाही, कुणाला मध्ये घातलं नाही, कोर्टकचेरी केली नाही. रान त्यांच्या नावावर होतं ते तसंच राहिलं. ते नांगरायला ते कधी आले नाहीत आणि विकायलाही आले नाहीत. मी कुंकू लावत राहिले आणि रान कसत राहिले. सर्जा मोठा झाला, त्याचं लगीन केलं, तो ट्रकवर सुरतेला जायला लागला. ह्या सगळ्यात कागदावरचं नाव कधी कुणाच्या आड आलं नव्हतं. आडवं आलं ते त्या दिवशी दुपारी.

सांजेला घरी पोचले तर बायका अंगणात बसलेल्या. हातपाय धुऊन, केस विंचरून आल्या होत्या. सौद्याचा दिवस म्हणजे त्यांचा सण.

"आक्का, दर काय लागला?" चंद्रा उठून म्हणाली. "गावात कळलंय. यार्डात एक नंबर! आता ह्या खेपंला पेढं पायजेत हां, बत्ताशावर भागवू नका."

मी ओट्यावर बसले. शालननं पाण्याचा तांब्या दिला. तो मी पुरा संपवला.

"पैसं बँकेत गेल्यात," मी म्हटलं. "आज न्हाईत."

शालन बिचारी मध्ये पडली. "आत्याबाई, मग असं करू. बँकेतनं निघालं की प्रत्येकीच्या खात्यावर पाठवू. म्हंजी येरझारा नकोत."

"नको गं बाई!" चंद्रा एकदम ओरडली. "खात्यावर तेवढं नको."

"का गं?"

"आमच्या खात्यावर पैसं पडलं की त्ये आमच्या आधी आमच्या मालकाला कळतंय. फोन त्येच्या खिशात, कार्ड त्येच्या खिशात. गेल्या सणाला कारखान्याचं पैसं आलं तर मला वास तेवढा आला. त्योबी त्येच्या तोंडाचा."

बायका हसल्या, पण हसण्यात जीव नव्हता. चंद्रानं एक शेळी बघून ठेवली होती. खालच्या आळीतली, दोन बकरं घातलेली. तिनं शेळीवाल्याला शब्द दिला होता माझ्या शब्दावर.

"परवा सांजच्याला या," मी म्हटलं. "हातावर ठेवीन."

"आक्का, घाई न्हाय..."

"मी सांगितलं न्हवं परवा? मग परवा."

त्या गेल्या. जाताना कुणी मागं वळून बघितलं नाही. एरवी उंबऱ्यापाशी अर्धा तास गप्पा मारून जाणाऱ्या त्या बायका.

दुसऱ्या दिवशी मी एसटी धरली. शालन बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं. पत्ता मला माहीत होता. मी कधी गेले नव्हते, पण पत्ता माहीत होता.

वाटभर मी बोलायचं जुळवत होते. तिला काय म्हणायचं, त्यांना काय म्हणायचं. एवढ्या वर्षांत साठलेलं कमी नव्हतं. एकेक वाक्य असं घासून ठेवलं होतं की लागलं असतं तर रगत आलं असतं. तू माझा नवरा नेलास, मी चकार शब्द काढला न्हाय. आता माझी हळद बी पायजे काय तुला?

चाळीतल्या शेवटच्या खोलीचं दार उघडंच होतं. दारात एक बाई धुणं पिळत होती. वाळलेली, केस अर्धे पांढरे, हातावर डाग पडलेले. मी म्हटलं, "मंगल कुठं हाय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. पिळलेलं लुगडं हातातच राहिलं.

"तुमी... आक्का का?"

मला तिनं कशी ओळखली, कोण जाणे. मी आत गेले. तिनं पाट टाकला, मी उभीच राहिले. खाटेवर ते होते. अर्धं अंग गेलेलं. तोंड एका बाजूला ओढलेलं. उशीवर मान कलंडली होती आणि डोळे माझ्यावर होते. घर सोडून जाताना ताठ चालणारा, मिशीला तेल लावणारा माणूस मी मनात घेऊन आले होते. ह्या माणसाशी भांडायचं कसं?

"गेल्या दिवाळीपास्नं असंच हाय," मंगल म्हणाली. "बोलणं गेलं. सगळं समजतं, पण बोलता येत न्हाय. उजवा हात तेवढा हलतोय."

"काल पैसं आलं का खात्यावर?"

तिनं चटकन दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला.

"आक्का, त्ये तुमी टाकलं? काल फोन वाजला. शेजारच्या पोरीनं वाचून दावलं. एवढा आकडा! मला घामच फुटला. कुणीतरी चुकून टाकलं असतील, आता पोलिस येणार नि ह्यास्नी खाटंसकट उचलून नेणार, असं वाटाय लागलं."

"चुकूनच टाकल्यात. हळदीचं हायत. माझं हायत."

"मग घेऊन जावा की," ती म्हणाली. "तुमचं हायत तर तुमी घेऊन जावा. आमी काय करणार ते ठेवून?"

एवढंच. एवढंच म्हणाली ती. एसटीत घासून आणलेली सगळी वाक्यं तोंडातच राहिली. हात चालवायला जावं आणि समोर कुणीच नसावं, तसं झालं. मी पाटावर बसले.

पण पैसे न्यायचे कसे? कार्ड होतं, त्याचा नंबर फक्त त्यांना ठाऊक, आणि तो त्यांच्या तोंडातनं आता येणार नव्हता. मंगलनं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं. तो अंगठ्यावर पैसे द्यायचा. लहानसं यंत्र घेऊन तो खाटेपाशी बसला. त्यानं त्यांचा उजवा अंगठा काचेवर ठेवला. यंत्र टिटिट् करून थांबलं. परत ठेवला. मंगलनं फडक्यानं पुसला, मी पाण्यानं धुतला, त्यानं खोबरेल चोळलं. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डाव्या हाताची मेलेली बोटंसुद्धा. यंत्र एकालाही ओळखेना.

"कुठं कामाला होते?" त्यानं विचारलं.

"फौंड्रीत," मंगल म्हणाली. "सगळा जन्म."

"मग उमटत न्हाई. वाळू नि लोखंड धरून ठसं झिजल्यात त्यांचं. असलं लई येत्यात माझ्याकडं." त्यानं यंत्र पिशवीत टाकलं. "बँकेतच न्यायला लागंल मावशी, दुसरा मार्ग न्हाई."

रिक्षा केली. ते एकटीला उचलणारं माणूस नव्हतं. एका खांद्याखाली मंगल, एका खांद्याखाली मी. रिक्षात ते आमच्या दोघींच्या मध्ये बसले आणि गेलेल्या अंगाची बाजू माझ्याकडं आली. प्रत्येक वळणाला त्यांचं सगळं वजन माझ्यावर. मी बाहेर बघत राहिले. रिक्षावाला आरशातनं बघत होता. मी म्हटलं, "रस्ता पुढं हाय. पुढं बघ."

बँकेत आम्ही त्यांना खुर्चीवर बसवलं. एक तरुण साहेब केबिनमधून उठून बाहेर आला. चांगला मुलगा होता, खोटं कशाला बोलू. त्यानं त्यांच्याशी वाकून बोलायला सुरुवात केली, मोठ्यानं नाही, साध्या आवाजात.

"आजोबा, काळजी करू नका. सही येत नसेल तर आपण स्लिपवर अंगठा घेऊ. माझ्यासमोर घेतला की चालतो." मग मंगलकडं वळला. "खात्यावर वारस म्हणून मंगल रंगराव मगदूम, पत्नी, असं नाव आहे. तुम्हीच ना?"

"व्हय," मंगल म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही.

"ठीक. मग दोनच गोष्टी. पैसे कुणाच्या हातात द्यायचे ते आजोबांनी स्वतः मला दाखवायचं. आणि एक साक्षीदार लागेल, बाहेरचा. घरचा माणूस साक्षीला चालत नाही. आणि हो, घरात ह्या पैशावरून वाद वगैरे नाही ना? वाद असेल तर आत्ताच सांगा. मग मी हात लावणार नाही. मग कोर्टातून कागद आणावा लागेल."

"वाद कसला?" मी म्हटलं. "कुठला वाद न्हाय."

साहेब खाली बसला. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आजोबा, पैसे कुणाला द्यायचे? बोलू नका, हातानं दाखवा."

त्यांचा उजवा हात हलला. खुर्चीच्या दांडीवरून हळूहळू उठला, बोट पुढं काढून. मंगल त्यांच्या उजव्या बाजूला उभी होती. बोट तिच्यावरून पुढं गेलं. माझ्यावर येऊन थांबलं.

तोंडातनं आवाजही आला काहीतरी. अं, अं.

रांगेतली माणसं बघायला लागली. साहेबानं माझ्याकडं बघितलं.

"आजी, तुम्ही कोण यांच्या?"

मी त्या बोटाकडं बघत होते. सर्जा रांगत होता तेव्हापासून त्या दिवसापर्यंत, ह्या माणसानं मला काहीही दिलं नव्हतं. दाखवलंही नव्हतं. गावाकडच्या कुणी विचारलं तरी हा माणूस माझं नाव घेत नव्हता. आणि आता चार लोकांत, बँकेत, हात उचलून दाखवत होता. हीच.

मंगल खाली मान घालून उभी होती. ती काही बोलली नसती. मी बायको आहे म्हटलं असतं तर ती नाही म्हणाली नसती, हे मला तिच्या खांद्यावरूनच कळत होतं. पण साहेबानं कागदावर बघितलं असतं, मंगल, पत्नी. आणि मग समोर दुसरी पत्नी. मग वाद. मग कोर्ट. आणि उद्या सांजेला माझ्या अंगणात बायका.

"मी त्यांच्या रानात कामाला असते," मी म्हटलं.

त्यांचं अं, अं थांबलं.

"शेतावर मजूर?"

"व्हय. मजुरीचं म्हणत्यात ते. हळद काढली, शिजवली, त्याची मजुरी राहिलीया. म्हणून दावत्यात."

"बघा, माणूस अंथरुणाला खिळला तरी मजुरी विसरला नाही!" साहेब रांगेकडं बघून म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. "मग छान झालं. आजी, तुम्ही बाहेरच्या, साक्षीदार तुम्हीच व्हा. सही येते?"

"येती."

"नाव?"

"हौसाबाई."

"पूर्ण नाव."

माझ्या तोंडात जे पूर्ण नाव होतं ते ह्या कागदावर चालणार नव्हतं. त्याच्यात मधलं नाव ह्यांचंच होतं. मी म्हटलं, "हौसाबाई भिमा आंबी." माझ्या बापाचं नाव. लग्नाच्या अक्षता पडल्यापासून हे नाव मी कुणाला सांगितलं नव्हतं. साहेबानं लिहिलं. पुढच्या रकान्यात आणखी एक शब्द लिहिला आणि वाचून दाखवला, "व्यवसाय, शेतमजूर. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं आणि सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेलं एवढंच मला लिहिता येतं, हौसाबाई. तेवढ्यावर त्याचं भागलं.

"आता आजोबा, पुन्हा एकदा. पैसे मंगलबाईंच्या हातात देऊ ना? मजुरी त्या देतील. दाखवा बरं."

हात परत उठला. परत माझ्याकडं आला. ह्या खेपेला जोरानं. मान हलत होती त्यांची, नाही, नाही अशी. डोळ्यांतनं पाणी गालावर आलं होतं, ओढलेल्या बाजूनं. साहेब घोटाळला. पेन थांबलं.

मी पुढं झाले. त्यांचा हात धरला. हाताला ठसे नव्हते, खरंच नव्हते, दगडावर घासून गुळगुळीत केल्यासारखा लागला. तो हात माझ्या हातात घट्ट होऊ बघत होता. मी तो वळवला. मंगलकडं नेला आणि तिथं धरून ठेवला.

"ह्यांना द्या म्हणत्यात," मी म्हटलं.

"हां," साहेब म्हणाला. "झालं मग."

त्यांना रिक्षात बसवल्यावर बाहेर पायरीवर मंगलनं पैशांचं पाकीट न उघडता माझ्या ओटीत टाकलं. मी त्यातल्या काही नोटा काढून तिच्यापुढं धरल्या, औषधाला म्हणून. ती मागं सरली.

"आक्का, तुमी तसं कशाला बोललासा? मी सांगितलं असतं साहेबाला, ह्याच खऱ्या म्हणून. मला काय त्येचं."

"खोटं काय बोलले मी?" मी म्हटलं. "सातबारा काढून बघ."

नोटा मी रिक्षात, त्यांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी त्या बघितल्या नाहीत. डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर दोन पावसाळे ते राहिले. मी परत गेले नाही. आमच्या रानात परत हळदही लागली नाही. गाव विचारायचं, एक नंबर हळद करणारी बाई, का सोडली गं? मी म्हणायचे, कायलीचा धूर डोळ्यांना सोसत नाही. मेथी, कोथिंबीर, वांगी करायला लागले. आठवड्याच्या बाजारात पोतं अंथरून बसायचं, जुडीला सुट्टे पैसे घ्यायचे आणि चंचीत टाकायचे. हळदीच्या मानानं ते काहीच नव्हे. पण तिथं कुणी विचारत नाही, तुम्ही कोण.

बँकेतनं आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सांजेला बायका आल्या होत्या, शब्द दिला होता तशा. मी ओट्यावर बसून एकेकीला बोलावलं आणि हातावर मजुरी ठेवली. चंद्रानं नोटा कपाळाला लावून चोळीत घातल्या आणि तशीच शेळीवाल्याकडं पळाली. अंगणात परत हसणं-खिदळणं सुरू झालं.

सगळ्या गेल्यावर शालननं ओटा झाडायला घेतला. झाडता झाडता थांबली.

"आत्याबाई, मामंजी काय म्हणाले?"

"त्यास्नी बोलता येत न्हाय," मी म्हटलं. "तू चूल पेटव."